गोड पिंप आणि माझं नाक

"इथे कोणतंही उत्तर चूक नसतं," असं त्या पोरानं सांगितलं नसतं तर मी गप्प बसलो असतो. हे आधीच लिहून टाकतो, कारण आमच्या इन्व्हरडालीत आता सर्रास बोललं जातं की वॉलेस गेडिसनं हे मुद्दाम केलं. मुद्दाम करायचं असतं तर मी निदान बरा कोट घालून गेलो असतो. मी गेलो होतो फुकटची व्हिस्की प्यायला. सगळा क्लब त्याचसाठी आला होता.

पोरगा म्हणजे लुईस पेटिग्रू, मुक्काम एडिनबरा. व्हिस्कीच्या कंपनीनं त्याला 'राजदूत' असा हुद्दा दिला आहे. पूर्वी राजदूत एका देशातून दुसऱ्या देशात जायचे. आता ते घोट्याच्या वर चढलेली विजार घालून उत्तर स्कॉटलंडात स्पे नदीच्या काठी येतात, आणि ज्या गावात पिढ्यान्पिढ्या व्हिस्की गाळली जाते त्या गावाला व्हिस्की कशी प्यावी ते शिकवतात. गावही शिकून घेतं. बोल्स, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा खेळ; त्या बोल्सच्या क्लबच्या हॉलमध्ये आम्ही चाळीसेक म्हातारे-म्हाताऱ्या पुढ्यात ट्युलिपच्या आकाराचे ग्लास घेऊन, पहिलीतल्या मुलांसारखे हात मांडीवर ठेवून बसलो होतो.

व्हिस्की आमच्याच डिस्टिलरीची. बारा वर्षं नेहमीच्या पिंपात मुरवलेली आणि मग शेवटची दोन वर्षं फ्रान्सहून आणलेल्या गोड वाइनच्या पिंपात. त्या गोड लाकडाचा गुण व्हिस्कीत उतरतो, असं पेटिग्रू सांगत होता. सांगताना तो हात असे हलवत होता की जणू ते पिंप त्यानंच जन्माला घातलं.

"आता डोळे मिटा," तो म्हणाला. "ग्लास नाकाशी न्या. तोंड थोडं उघडं ठेवा. आणि आपल्या लहानपणात जा. तिथे काय आहे ते मोकळेपणानं सांगा. इथे कोणतंही उत्तर चूक नसतं."

क्लबच्या सेक्रेटरी मिल्नबाई सगळ्यात आधी लहानपणात पोचल्या. आयुष्यभर बँकेत होत्या, त्यामुळे त्या कुठेही वेळेवर पोचतात. "जर्दाळूचा जॅम," त्या म्हणाल्या.

"सुंदर," पेटिग्रू म्हणाला.

"मध," कोणीतरी म्हणालं. सुंदर. "संत्र्याचं मार्मलेड," माझे शेजारी मिस्टर क्रुकशँक म्हणाले. सुंदर. "नवं कोरं खोगीर," असंही एक उत्तर आलं. ते देणारा माणूस जन्मात घोड्यावर बसलेला नाही, पण तेही सुंदर.

"आणि तुमच्या लहानपणात काय आहे, सर?"

सर म्हणजे मी. मी डोळे मिटून प्रामाणिकपणे वास घेत होतो. थोडा वेळ खात्री करून घेतली. दोन थेंब पाणी घालून पुन्हा हुंगलं.

"शाळेच्या जेवणातला उकडलेला कोबी," मी म्हणालो.

"सुं—" पेटिग्रू म्हणाला आणि थांबला.

"आणि ओढून विझवलेली आगकाडी," मी म्हणालो. त्यानं मोकळेपणानं सांगा म्हटलं होतं, म्हणून मी उत्तर पूर्ण केलं.

हॉलमध्ये अशी शांतता झाली की मागच्या रांगेतल्या कोणाचं तरी श्रवणयंत्र शिट्टी मारतंय हे सगळ्यांना ऐकू आलं. माझी बायको नेटा माझ्याकडे न बघता टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होती. थांब म्हणून की सरक म्हणून, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ओळखता येत नाही.

इथे एक सांगायला हवं. आमच्या गावात प्रत्येक घरातलं एक तरी माणूस डिस्टिलरीत आहे, किंवा होतं, किंवा पुढे जाणार आहे. क्लबचं छप्पर डिस्टिलरीनं घातलं. शाळेची बस तिची, वाद्यवृंदाचे किल्ट तिचे. मी मात्र तिथे कधी नव्हतो. मी या गावाला गाडी चालवायला शिकवली. डॉक्टरपासून पाद्रीबुवांपर्यंत सगळ्यांनी माझ्या शेजारी बसून क्लच जाळलेला आहे. शाळा मी पंधराव्या वर्षी सोडली. पुढे जे काही वाचलं ते गाडीतच, पुढचा शिकाऊ येईपर्यंत स्टिअरिंगला पुस्तक टेकवून.

आणि अशा माणसाला क्लबनं उपाध्यक्ष केलं होतं. उपाध्यक्ष पुढच्या वर्षी अध्यक्ष होतो, ही आमची रीत. एप्रिलमध्ये हंगाम उघडतो तेव्हा अध्यक्ष हिरवळीवर पहिला चेंडू घरंगळवतो आणि त्याचं नाव हॉलमधल्या लाकडी फळीवर सोनेरी अक्षरांत रंगवतात. त्या फळीवर हेडमास्तर आहेत, दोन डॉक्टर आहेत, बँक मॅनेजर तर रांगेनं आहेत. गाडी शिकवणारा एकही नाही. मला ते नाव हवं होतं. लोक असल्या गोष्टी हव्या असतात हे कबूल करत नाहीत. मी करतो. मला ते फार हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिल्नबाई आल्या. कोट न काढता खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"गेडिस, तुम्हाला सर्दी झाली होती," त्या म्हणाल्या.

"नव्हती."

"मी विचारत नाहीये. सांगतेय. सर्दी झाली होती, त्यामुळे वास नीट आला नाही. मी डिस्टिलरीला तसं कळवते आणि विषय मिटला."

"पण मला वास नीट आला."

"नेटा," मिल्नबाई माझ्यावरून नजर उचलून म्हणाल्या, "यांना काही सांग."

"सर्दी काय कोणालाही होते, वॉलेस," नेटा म्हणाली.

आता मी 'सर्दी' म्हणालो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी फळीवर गेलो असतो. पण मला राग आला. व्हिस्कीचा नव्हे. वाईट व्हिस्की जगात असतेच. मला राग आला तो त्या 'कोणतंही उत्तर चूक नसतं'चा. ज्यांना एकच उत्तर हवं असतं तेच लोक असं बोलतात, हे मी आयुष्यात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मी म्हणालो, "माझं नाक ठणठणीत आहे आणि मी ते सिद्ध करून दाखवीन."

झालं. एवढंसं काम हाती घेतलं, आणि त्या कामानं मलाच हाती घेतलं.

पहिला सल्ला मिस्टर क्रुकशँक यांचा. ते अबकारी खात्यातले निवृत्त अंमलदार. पूर्वी डिस्टिलरीच्या गोदामाला दोन कुलपं असायची, एक मालकाचं आणि एक सरकारचं, आणि सरकारची किल्ली यांच्या खिशात. वय नव्वदीकडे झुकलंय, पण अजून बोलताना खिसा चाचपतात.

"वॉलेस, ग्लासावर विसंबू नकोस," ते कुंपणापलीकडून म्हणाले. "ग्लास खोटं बोलतो. तळहातावर चार थेंब घे, दोन्ही हात चोळ, ओंजळ कर आणि नाक घाल. दारू उडून जाते आणि उरतं ते पिंपाचं खरं रूप. आम्ही असंच करायचो. रोज कर. नाक तयार होतं."

क्लबनं उपाध्यक्ष म्हणून दिलेली त्याच व्हिस्कीची बाटली घरात होती. मी रोज सकाळी हात चोळू लागलो. कोबी रोज येत होता. अधूनमधून रबरही यायला लागलं.

रविवारी चर्चच्या दारात पाद्रीबुवांनी नेहमीप्रमाणे माझा हात दोन्ही हातांत घेतला, आणि नेहमीपेक्षा बराच वेळ धरून ठेवला. "वॉलेस," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "कधीही, अगदी कधीही बोलावंसं वाटलं, तर माझं दार उघडं आहे." त्यानंतर त्यांनी इतर सगळ्यांशी हात मिळवले, त्यामुळे निम्मी मंडळी त्या दिवशी प्रार्थनेला व्हिस्कीचा वास घेऊन बसली. त्याचं खापरही माझ्यावरच फुटलं.

बुधवारी पोलिसांनी गाडी थांबवली. शिपाई माझाच विद्यार्थी. गोल चौकात तो अजूनही चुकीच्या लेनमध्ये शिरतो. काच खाली केल्याबरोबर त्यानं नाक वर केलं.

"मिस्टर गेडिस, उतरा जरा. यात फुंका."

फुंकलं. यंत्रानं शून्य दाखवलं. त्यानं यंत्र हलवलं, पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य.

"मग हा वास?"

"हाताचा आहे. मी सकाळी लावली होती."

त्यानं बराच विचार केला. "मिस्टर गेडिस," तो म्हणाला, "लोक पितात."

"मला ठाऊक आहे लोक काय करतात."

"नाही, म्हणजे पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी कायदा आहे. हाताला लावून चालवणाऱ्यांसाठी काय करायचं ते मला वरती विचारावं लागेल." त्यानं खरोखर विचारलं. त्यासाठी मी रस्त्याच्या कडेला उभा होतो आणि शेजारून अख्खं गाव दुकानाला चाललं होतं. मी ज्यांना गाडी शिकवली त्यातल्या प्रत्येकानं वेग कमी करून, आरसा बघून, इशारा देऊन, मला नीट पाहून घेतलं. शिकवलेलं कुठे ना कुठे दिसतंच.

नेटानं त्या संध्याकाळी बाटली कपाटात कुलूपबंद केली. "नाकच तपासायचं ना? मग डॉक्टरकडे जा. माणसं नाक दाखवायला तिथे जातात."

दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाईंनी पडद्याकडे बघत विचारलं, "काय त्रास?"

"मला वास येतो."

"वास येत नाही."

"येतो."

"इथे 'वास येत नाही' एवढंच आहे," त्या म्हणाल्या. "ते निवडू का?"

"अहो, मला वास व्यवस्थित येतो आणि तसा दाखला हवा आहे."

"म्हणजे तुम्हाला काहीच झालेलं नाही."

"नाही."

"मग तुम्हाला डॉक्टर कशाला हवाय?" हे त्या इतक्या समंजसपणे म्हणाल्या की क्षणभर मलाही पटलं. शेवटी आम्ही तडजोड केली. 'वास येत नाही' लिहून मला एल्गिनच्या नाकतज्ज्ञाकडे पाठवायचं, आणि तिथे पोचल्यावर मी बरं झालेलं असायचं. नंबर शरद ऋतूत लागणार होता. पण कोणा भाग्यवानाचं नाक आपोआप सुधारलं आणि त्याची वेळ मला मिळाली.

तोवर गावाचे उपाय चालू होते. मीठपाण्यानं नाक धू. कॉफी सोड. मिशी काढ, वास मिशीत अडकतो. मिल्नबाईंनी कोणाच्या तरी हाती जर्दाळूच्या जॅमची बरणी पाठवली. वर चिठ्ठी नव्हती, पण गरजही नव्हती.

एल्गिनच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझे डोळे बांधले आणि एकेक कुपी नाकाखाली धरली. लवंग. संत्रं. साबण. मासा. चामडं. मी एकही चुकलो नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "मिस्टर गेडिस, तुमच्या वयाला असं नाक मी पाहिलेलं नाही. तुम्ही आलात कशासाठी?" मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवतो. त्यांनी सहीशिक्क्यानिशी दाखला दिला.

तो दाखला मी क्लबच्या कमिटीपुढे ठेवला. मिल्नबाईंनी तो दोनदा वाचला, चष्मा बदलून तिसऱ्यांदा वाचला.

"हा नाकाचा आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"कार्यक्रम चव घेण्याचा होता. चव जिभेला कळते. जिभेचा दाखला आणलाय?"

नव्हता आणलेला. कमिटीनं एकमतानं ठराव केला की उपाध्यक्षांच्या जिभेबद्दल कमिटीचं मत राखून ठेवण्यात येत आहे. माझ्या जिभेबद्दल गावाचं मत तोवर ठाम झालं होतं, पण ते वेगळ्या अर्थानं.

आणि मग डिस्टिलरीचा मॅनेजर माझ्या गॅरेजमध्ये आला. आधी येणार म्हणून कळवलं नाही, आणि दारही आतून ओढून घेतलं. त्याचं नाव डालगार्नो. गाडीच्या चाचणीत तो तीनदा नापास झाला होता. चौथ्या वेळी मी आदल्या रात्री झोपलो नव्हतो, इतका मला त्याचा घोर लागला होता.

"मिस्टर गेडिस," तो रंगाच्या डब्यावर बसत म्हणाला, "तो गंधक आहे."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"रिकामी पिंपं फ्रान्सहून निघतात तेव्हा आत बुरशी धरू नये म्हणून गंधकाची कांडी जाळतात. थोडी जाळली तर उडून जातं. यांनी भरमसाट जाळली. काही नाकांना तो वास येतच नाही. त्यांना सगळा मधच लागतो. ज्यांना येतो त्यांना कोबी येतो, आगकाडी येते. मला पहिल्या दिवशी आला. मी वरती कळवलं. पण पिंपं कंपनीच्या एडिनबराच्या कचेरीतून ठरली होती, बाटल्यांचे खोके छापून झाले होते."

"मग हे तू हॉलमध्ये का नाही बोललास?"

"तिथे मी जीभ चावून उभा होतो. माझं घर डिस्टिलरीचं आहे, मिस्टर गेडिस. नोकरी गेली की घरही जातं. दोन मुली आहेत." तो उठला. "तुम्ही वेडे झालाय असं सगळे म्हणतात. तुम्ही झालेला नाही, एवढंच सांगायला आलो. कुठे बोलू नका."

आता बघा माझी अवस्था. मी बरोबर आहे हे मला पक्कं कळलं, आणि ते सांगायचा एकुलता एक पुरावा मी त्याच क्षणी गॅरेजमध्ये पुरला. (इथे लिहितो आहे कारण डालगार्नो आता दुसऱ्या डिस्टिलरीत आहे, स्वतःच्या घरात, आणि त्यानंच लिहा म्हणून सांगितलं.) त्या रात्री नेटानं विचारलं, "काय म्हणत होता?" मी म्हणालो, "गाडीचं काहीतरी." ती म्हणाली, "तुझा चेहरा गाडीचा नाहीये."

एप्रिल आला. मिल्नबाई उद्घाटनाच्या आधी पुन्हा आल्या. या वेळी कोट काढला, म्हणजे तह करायच्या तयारीनं आल्या होत्या.

"मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "उद्घाटनाला अध्यक्ष एक घोट घेतो आणि व्हिस्कीबद्दल एक शब्द बोलतो. तुम्ही 'मध' म्हणा. दोन अक्षरं. रंगारी ब्रश घेऊन थांबलाय."

"मला मध आला तर म्हणीन."

"शब्दच तर आहे, गेडिस."

"मग तुम्ही कोबी म्हणा. तोही शब्दच आहे."

मिल्नबाईंनी कोट घातला. हंगाम त्यांनीच उघडला, हंगामी अध्यक्ष म्हणून. मी कुंपणाबाहेर उभा राहून पाहिलं. त्यांचा चेंडू गटारात गेला. मला आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही.

मे महिन्यात ऑक्टरलॉशी वार्षिक सामना असतो. ऑक्टरलॉ म्हणजे नदीच्या पलीकडचं गाव, चार मैलांवर. त्यांचा क्लब वेगळा, डिस्टिलरी वेगळी. त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस आमच्या गावात जन्मलेला नाही, आणि बाहेरून आलाच तर लवकर शिकतो. यंदा ऐकू आलं की त्यांच्याही डिस्टिलरीनं गोड वाइनच्या पिंपात मुरवलेली व्हिस्की काढली आहे आणि सामन्यानंतर ते ती मिरवणार आहेत.

बसमध्ये मिल्नबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. समोरच्या सीटवरून क्रुकशँक मान वळवून ऐकत होते. पलीकडच्या बाजूला नेटा खिडकीतून बाहेर बघत होती, म्हणजे तीही ऐकत होती.

"गेडिस, पुढच्या आठवड्यात अध्यक्षपदाची बैठक आहे. कमिटीशी माझं बोलणं झालंय," मिल्नबाई म्हणाल्या. "आमचं स्पष्टवक्तेपणाशी काही वाकडं नाही. उलट हवाच. आज तिथे ग्लास हातात आला की तुम्ही तुमच्या त्या स्पष्ट शब्दांत सांगा, कोबी म्हणा, काय वाटेल ते म्हणा. सगळ्यांदेखत. म्हणजे लोकांना कळेल की तुमचं नाकच तसं आहे. आपल्या व्हिस्कीवर तुमचा राग नव्हता. मग कोणाची हरकत राहणार नाही."

"आणि चांगली निघाली तर?"

"ऑक्टरलॉची?" मिल्नबाई खरोखर चकित झाल्या. मागून दोघंतिघं हसले. क्रुकशँक म्हणाले, "वॉलेस, पोरा, त्यांची सरकारी किल्लीसुद्धा माझ्याकडे होती. ती चांगली निघायची नाही."

मी शपथेवर सांगतो, मलाही तेच हवं होतं. मला फळी हवी होती. मी बसमध्ये बसून प्रार्थना करत होतो की त्यांच्या पिंपात गंधक असो. मनात कोबी घोळवत मी अख्खा सामना खेळलो आणि वाईट खेळलो. आम्ही हरलो.

त्यांचे अध्यक्ष मॅकहार्डी म्हणजे लालबुंद, दांडगा गृहस्थ, बोलतो तेव्हा टेबलावरच्या कपबश्या वाजतात. त्यानं स्वतः बाटली आणली आणि सरळ माझ्यासमोर उभा राहिला.

"तुम्हीच ना ते नाकवाले? सगळ्या नदीकाठी तुमचं नाव झालंय. बसा. आमची बघा आता. कोबी असला तर कोबी म्हणा, आमची तयारी आहे."

आमची माणसं सरकून जवळ आली. मिल्नबाईंनी चहाचा कप खाली ठेवून हात जोडले, म्हणजे कोपरं टेबलावर टेकवून बोटं बोटांत गुंतवली. डॉक्टरही आले, पाद्रीबुवाही आले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते हसू होतं, जे माणूस परत कळपात येताना दिसला की येतं.

मी हुंगलं. पाणी घातलं. पुन्हा हुंगलं. मग घोट घेतला आणि तो इकडून तिकडे फिरवला.

काय सांगू. आधी वाफाळता नासपती आला. मग भाजलेली साखर, अगदी करपायच्या आधी थांबवलेली. तो गोडवा चोपडलेला नव्हता. तो व्हिस्कीच्या आतून येत होता, जणू त्या पिंपानं दोन वर्षं तिचं ऐकून घेतलं आणि मगच तोंड उघडलं. आणि गिळल्यावरही ती गेली नाही. मी कोबी शोधला. जिथे जिथे तो लपू शकतो तिथे सगळीकडे शोधला. मला तो इतका हवा असताना तो नव्हता.

"काय मग?" मॅकहार्डी म्हणाला.

मिल्नबाई मान डोलावत होत्या, हळूहळू, जसं वर्गात उत्तर विसरलेल्या मुलाला बाई खुणावतात.

"मी आजवर प्यायलोय त्यांतली ही सगळ्यात चांगली व्हिस्की आहे," मी म्हणालो.

मग मॅकहार्डीनं माझ्या पाठीत असा दणका दिला की ग्लास सांडता सांडता वाचला. ऑक्टरलॉवाले टेबलं बडवू लागले. दोघांनी मला खुर्चीसकट उचललं. खुर्चीवरून मला आमची माणसं दाराकडे जाताना दिसली. रांगेनं, एकही शब्द न बोलता, कोट घालत. क्रुकशँक खिसा चाचपत गेले. मिल्नबाई सगळ्यात शेवटी होत्या. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "रंगाऱ्याला मी कळवते."

"कळवा," मी वरून म्हणालो. खुर्ची हलत होती, पण आवाज हलला नाही.

बस आम्हाला न घेता गेली. आम्हाला म्हणजे मला आणि नेटाला, कारण नेटा उठलीच नव्हती. ती पर्स मांडीवर घेऊन बसून होती. पहिली बाटली संपली होती. मॅकहार्डीनं दुसरी फोडली, "ही शेजारच्या पिंपातली," म्हणाला, आणि आम्हा दोघांचे ग्लास भरले. मी प्यायलो. लोक माझं नाव घेत होते, कोणी म्हणत होतं यांना आमच्या क्लबचे मानद सदस्य करा. मी मान डोलावली, सगळ्यांशी हात मिळवले आणि आम्ही निघालो.

मे महिन्यात आमच्याकडे संध्याकाळ हटत नाही. नदीकाठच्या रस्त्यानं आम्ही चालत होतो, पायाला उजेड होता, पाण्यात कोणीतरी कमरेएवढं उभं राहून मासे धरत होतं. पूल आला. मी म्हणालो, "फळी गेली."

"गेली," ती म्हणाली. "मी मिल्नबाईंसमोर ते सर्दीचं म्हटलं, तेव्हाच चुकलं माझं. ते जाऊ दे. दुसरा ग्लास प्यायलास तेव्हा तुझं नाक असं का झालं?"

"कसं?"

"जसं आपल्या हॉलमध्ये झालं होतं."

"काही नाही. थकलं असेल."

"वॉलेस."

आम्ही थांबलो. खाली पाणी चाललं होतं.

"शेजारचं पिंप," मी म्हणालो. "त्याच्यात आहे. थोडासा. आगकाडी."

"मग बोलला का नाहीस?"

"नेटा, त्यांनी मला खुर्चीवर घेतलं होतं."

"अस्सं," ती म्हणाली. "म्हणजे आपल्या गावात अपमान करून घेऊन खरं बोलायचं आणि दुसऱ्यांच्या गावात कौतुक करून घेऊन गप्प बसायचं. मग मी चार महिने कशासाठी सोसलं? दुकानात माझ्याशी कोणी बोलत नाही, वॉलेस. ते मी एका खुर्चीसाठी सोसलं का?"

याला माझ्याकडे उत्तर एकच होतं, आणि ते मागच्या दिशेला होतं.

"लांब आलोय आपण," मी म्हणालो.

"हॉल अजून उघडा असेल. ते लोक इतक्यात घरी जात नाहीत." तिनं पर्स या हातातून त्या हातात घेतली आणि वळलीसुद्धा. "चल. आणि सांगताना उभा राहून सांग. खुर्चीवर बसू नकोस."

आम्ही परत फिरलो.